पार्लर-सलूनमधल्या स्वतंत्र कारागिरांसाठी कायद्यात नेमकं काय मागायचं? अधिवेशनाआधी निवेदन द्यायचं आहे

शलाका_चिंचवड (मूळ प्रश्न)

नमस्कार. पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी पट्ट्यात पार्लरचं काम करणाऱ्या शे-सव्वाशे जणींचा आमचा गट आहे. त्यात तीन प्रकारच्या कामगार आहेत. काही जणी दुसऱ्याच्या पार्लरमध्ये पगारावर किंवा टक्क्यावर (५०-५०, कुठे ६०-४०) काम करतात. काही जणी स्वतःची बॅग घेऊन घरोघरी जातात. काही जणी ॲपवरून बुकिंग घेतात. काही पुरुष केशकारागीरही आता जोडले गेले आहेत, तेही बहुतेक टक्क्यावरच.

पुढच्या अधिवेशनाआधी स्थानिक आमदारांना आणि कामगार मंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरलं आहे. कच्च्या मसुद्यात सध्या या मागण्या आहेत: ब्यूटिशियनसाठी स्वतंत्र महामंडळ, सर्वांना शासकीय परवाना आणि परवान्याशिवाय काम करणाऱ्यांवर बंदी, अपघात विमा आणि पेन्शन, थ्रेडिंग-वॅक्सचे किमान दर, सौंदर्यप्रसाधनांवर उपकर लावून आमच्यासाठी निधी, ॲप कंपन्यांनी आयडी अचानक बंद करू नये, आणि ग्राहकाच्या घरी सुरक्षितता.

यातल्या कोणत्या मागण्या टिकतील? कोणती कोणाकडे न्यायची? आमदारांनी मनावर घेतलं तर सभागृहात ते नेमकं काय करू शकतात? जाणकारांनी मसुदा फाडला तरी चालेल, तेच हवं आहे.

---

नियमपान

शलाकाताई, मागण्यांआधी माणसं वेगळी करा. तुमच्या तिन्ही प्रकारच्या कामगारांना कायदा तीन वेगळ्या नावांनी ओळखतो. निवेदनात तुम्ही सगळ्यांना 'ब्यूटिशियन भगिनी' म्हटलंत, तर कामगार विभागातला कक्ष अधिकारी ते कोणत्या नस्तीत (फाइलमध्ये) लावायचं या प्रश्नापाशीच थांबेल.

पगारावर आणि टक्क्यावर काम करणाऱ्या. यांच्यासाठी नवा कायदा मागू नका, आहे तो लागू करून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे) अमलात आल्या आहेत. वेतन संहितेत किमान वेतन सगळ्याच कामगारांना आहे, आता ते केवळ अनुसूचीतल्या (सरकारी यादीतल्या) उद्योगांपुरतं नाही. (महाराष्ट्रात केशकर्तनालय हा उद्योग जुन्या अनुसूचीतही होताच.) टक्क्यावरची कारागीर 'भागीदार' आहे असं मालक सांगतात. पण दर मालक ठरवतो, वेळ मालक ठरवतो, ग्राहक कोणाच्या खुर्चीवर बसवायचा तेही मालकच ठरवतो. अशा ठिकाणी टक्का ही वेतन मोजायची फक्त एक रीत उरते, नगावर मजुरी असते तशी. महिन्याचा टक्का किमान वेतनाच्या खाली गेला तर फरकाचा दावा करता येतो. दाव्यासाठी आता तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. ही शेवटची गोष्ट तुमच्या गटातल्या प्रत्येकीला माहीत हवी.

एक खड्डा मात्र खरोखर कायद्यातलाच आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ दहा किंवा अधिक कामगार असतील तरच पूर्ण लागू होत आला आहे. त्याखालच्या आस्थापनेने नमुना एफमध्ये नुसती सूचना द्यायची, नोंदणी नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली. पार्लर म्हणजे साधारण तीन ते आठ माणसं. म्हणजे आठवड्याची सुट्टी, ८ किरकोळ रजा, सणाच्या ८ भरपगारी सुट्ट्या, जादा कामाला दुप्पट दर हे सगळं आपल्या क्षेत्रात बहुतेकांना मिळतच नाही. इथे मागणी एका ओळीत लिहा: 'सौंदर्य व केशसेवा आस्थापनांना कामगारसंख्या कितीही असली तरी साप्ताहिक सुट्टी आणि रजेची कलमे लागू करावीत.' पूर्ण कायदा मागितलात तर छोट्या मालकांची संघटना उभी राहील. दोन कलमं मागितलीत तर बोलणी होतील.

बॅग घेऊन फिरणाऱ्या, ॲपशिवाय. या स्वयंरोजगारी असंघटित कामगार. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम १०९ मध्ये यांच्यासाठी राज्याने योजना करायच्या आहेत: भविष्यनिर्वाह निधी, कामावरच्या इजेची मदत, घर, मुलांचं शिक्षण, कौशल्यवाढ, अंत्यविधी साहाय्य, वृद्धाश्रम. तुमच्या 'विमा आणि पेन्शन'चा पत्ता हाच.

ॲपवरच्या. या गिग व प्लॅटफॉर्म कामगार, कलम ११४. यावर इथे दुसरं कोणी लिहीलच.

महामंडळाची मागणी वगळावी असं माझं स्पष्ट मत आहे. महामंडळ कर्ज देतं, व्याज परतावा देतं. काम करताना ॲसिडने हात भाजला किंवा बसने जाताना अपघात झाला तर महामंडळ कामाला येत नाही. हवं आहे ते मंडळ, ज्यात नोंदणी होते, वर्गणी जमते आणि लाभ मिळतो. महाराष्ट्रात याची चांगली उदाहरणं आहेत: १९६९ चा माथाडी कायदा, १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा, २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा. या तिन्हींतून एक धडा घ्या. माथाडीत मालकाकडून मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात जमा होते, म्हणून त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना उभा राहू शकला. घरेलू कामगारांच्या मंडळाला असा नियमित स्रोत नाही, ते सरकारी तरतुदीकडे डोळे लावून असतं. पैसा कुठून येणार हे ज्या मागणीत लिहिलेलं नाही ती मागणी अर्धी आहे.

---

बिननावाची_बॅग

ॲपच्या भागाबद्दल लिहिते.

सामाजिक सुरक्षा संहितेत म्हटलं आहे की ॲप कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. कोणत्या कंपन्या, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. तिथे प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ आणि किराणा, मालवाहतूक, व्यावसायिक सेवा असे नऊ प्रकार आहेत. सौंदर्यसेवा नावाने नाही. 'व्यावसायिक सेवा' किंवा शेवटच्या 'इतर कोणतीही वस्तू वा सेवा'मध्ये ती बसते, पण नाव नसलं की कंपनीचा वकील आधी त्यावरच वेळ काढतो. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला तर त्याच्या अनुसूचीत 'घरपोच सौंदर्य, केश व अंगमर्दन सेवा' हे शब्द हवेत, ही पहिली मागणी.

स्वतःचा कायदा राज्य करू शकतं. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला केला, कर्नाटकने २०२५ मध्ये. कर्नाटकातल्या दोन गोष्टी तशाच उचलण्यासारख्या आहेत. एक, कल्याण शुल्क प्रत्येक व्यवहारावर, कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के. दोन, काम थांबवायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना.

शुल्क कशावर मोजायचं याकडे नीट बघा, कारण आकड्याइतकाच पायाही महत्त्वाचा. समजा ग्राहकाने फेशियल आणि वॅक्सचे १,२०० रुपये भरले, कमिशन, कर आणि प्रॉडक्टची वजावट जाऊन कारागिराच्या हातात ८४० आले. २ टक्के शुल्क हातातल्या रकमेवर असेल तर निधीत १६ रुपये ८० पैसे, बिलाच्या रकमेवर असेल तर २४ रुपये. महिन्याला अशी ६० कामं धरली तर १,००८ आणि १,४४० असा फरक. शिवाय पाया 'हातातली रक्कम' असेल तर कंपनीने वजावट वाढवली की निधी आपोआप घटतो. म्हणून 'ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर' असं मागा. आणि शुल्क कामगाराच्या रकमेतून कापता येणार नाही, हे वेगळं वाक्य घाला. नाहीतर दुसऱ्याच महिन्यात ते 'प्लॅटफॉर्म वजावट' म्हणून तुमच्याच पावतीत येईल.

आयडी बंद होण्याबद्दल तुमचा मसुदा म्हणतो 'अचानक बंद करू नये'. अचानक म्हणजे किती, हे कोण ठरवणार? माझी सुचवणी अशी:

'प्लॅटफॉर्मने कामगाराचा प्रवेश स्थगित वा बंद करण्यापूर्वी १४ दिवस आधी, कारणासह, मराठीत लेखी सूचना द्यावी. ग्राहकाच्या जीविताला धोका असल्याच्या तक्रारीत तात्काळ स्थगिती देता येईल, परंतु अशा वेळी ७ दिवसांत कामगाराचे म्हणणे ऐकून निर्णय द्यावा. केवळ गुणांकन वा नाकारलेल्या कामांची संख्या हे बंद करण्याचे कारण असू शकणार नाही.'

तात्काळ स्थगितीचा अपवाद आपणच लिहून दिला पाहिजे. आपण नाही लिहिला तर कंपनी सांगेल की 'ग्राहकांची सुरक्षितता' म्हणून हे अशक्य आहे, आणि अख्खं कलम जाईल.

पावतीचंही मागा: प्रत्येक कामाची, ज्यात ग्राहकाने भरलेली रक्कम, कमिशन, कर, प्रॉडक्टची वजावट, दंड आणि हातात आलेली रक्कम या सहा ओळी असतील. महिन्याच्या शेवटी एकत्र आकडा मिळाला तर कोणत्या कामाचे किती कापले हे कधीच कळत नाही.

---

तीन_खुर्च्या

मालकाच्या बाजूने लिहितो. कारागिरांना साप्ताहिक सुट्टी हवी, यात वाद नाही. मंगळवारी किंवा सोमवारी बरीच सलूनं तशीही बंदच असतात. पण मसुद्यात 'थ्रेडिंग-वॅक्सचे किमान दर' आहे ते काढा. किमान वेतन सरकार ठरवू शकतं. ग्राहकाकडून किती घ्यायचे हा भाव कामगार विभाग ठरवत नाही, आणि स्पर्धकांनी मिळून भाव ठरवले तर तो स्पर्धा कायद्याचा प्रश्न होतो. तुमच्या गटाचं ठरलेलं दरपत्रक निवेदनाला जोडलंत तर ते तुमच्याविरुद्धच वापरलं जाईल.

दुसरं, सौंदर्यसेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मालकांकडे पैसा मोकळा झाला असं कोणी म्हणेल. तो ५ टक्के इनपुट क्रेडिटशिवाय आहे. भाड्यावर, प्रॉडक्टवर भरलेला कर आता परत वळता होत नाही. आणि २० लाखांखालच्या सलूनला तो मुळातच लागू नव्हता. 'करात १३ टक्के वाचले, ते आम्हाला द्या' असं वाक्य निवेदनात आलं तर मालकांचे कर सल्लागार ते दोन मिनिटांत खोडतील.

प्रसाधनांवर उपकराची मागणीही चालणार नाही. जीएसटी आल्यावर वस्तूंवरचे असे उपकर संपले, २०१७ मध्ये विडी कामगारांचा केंद्राचा उपकरही त्यातच गेला. राज्य सरकारला शांपूवर वेगळा कर लावता येत नाही. कामगार कायद्याखालचं शुल्क किंवा लेव्ही ही वेगळी गोष्ट, तो रस्ता वरच्या दोघांनी दाखवलाच आहे.

---

डॅलसची_दुपार

परवान्याच्या मागणीवर थांबा आणि नीट विचार करा. अमेरिकेत नेमकं याच मुद्द्यावर कारागीर अनेक वर्षं कायदा सैल करायला झगडत आहेत.

टेक्सासमध्ये भुवयांचं थ्रेडिंग करणाऱ्यांना, ज्यांत आपल्याकडच्या बायका मोठ्या संख्येने आहेत, ७५० तासांचा कोर्स करून परवाना घेणं सक्तीचं होतं. हातात फक्त सुती दोरा. ना रसायन, ना ब्लेड, ना उष्णता. तरी कोर्स पूर्ण त्वचासेवेचा, हजारो डॉलरचा. पटेल विरुद्ध टेक्सास परवाना विभाग या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाने तास मोजले: ७५० पैकी तब्बल ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंधच नव्हता. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने केशसेवेच्या परवान्याचे सक्तीचे तास १,६०० वरून १,००० वर आणले.

सक्तीचा परवाना आला की आधी कोण बाहेर फेकली जाते? जिने काम आत्याकडून, शेजारणीकडून, जुन्या पार्लरमध्ये उभं राहून शिकलं ती. जिच्याकडे आयटीआयच्या एक वर्षाच्या कॉस्मेटॉलॉजी कोर्ससाठी ना वेळ आहे ना फी. तुमच्या गटातल्या किती जणींकडे प्रमाणपत्र आहे ते आधी मोजा. 'परवान्याशिवाय बंदी' हे शब्द तुमच्याच निम्म्या सभासदांवर उलटू शकतात. त्याऐवजी ऐच्छिक प्रमाणन मागा: पूर्वज्ञान मान्यतेखाली (आधीच शिकलेल्या कामाची दखल घेऊन) परीक्षा, फी शासनाची, आणि परीक्षा मराठीत. सक्ती हवीच असेल तर फक्त धोक्याच्या कामांपुरती मागा: रासायनिक पील, केस सरळ करायची रसायनं, लेझर.

कॅलिफोर्नियाकडून एक घेण्यासारखी गोष्ट मात्र आहे. तिथे परवानाधारक केशकारागीर खरोखर स्वतंत्र कधी समजायची, याची कसोटी कायद्यातच लिहिली आहे. ती आपले दर स्वतः ठरवते, आणि पैसे ग्राहकाकडून थेट तिला मिळतात. कामाचे तास आणि कोणता ग्राहक घ्यायचा हे तीच ठरवते. ग्राहकांची यादी आणि भेटींचं वेळापत्रक तिचं स्वतःचं असतं. व्यवसायाची नोंदणी तिच्या नावावर असते. खुर्ची भाड्याने घेतली असेल तर भाड्याची कर-पावती ती मालकाला देते. हे सगळं जुळलं तरच ती स्वतंत्र. एकही अट तुटली तर तिला स्वतंत्र समजण्याची ही सवलत मिळत नाही, आणि बहुतेक वेळा ती कामगारच ठरते. टक्क्यावरच्या वादावर अशी कसोटी महाराष्ट्राच्या नियमांत आली तर '५०-५० म्हणजे भागीदारी' हा युक्तिवाद तिथेच संपेल. नखांचं काम करणाऱ्यांची तिथली सवलत १ जानेवारी २०२५ ला संपली, म्हणजे आता त्यांना आणखी कडक सर्वसाधारण कसोटी लागते. अशा कसोटीला मुदत घालू देऊ नका, हाही त्यातलाच धडा.

---

लक्षवेधी_१०५

आता सभागृहाचं बघू.

वर्षाला तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. अधिवेशन सुरू व्हायच्या आठवड्यात निवेदन दिलंत तर फोटो निघेल, प्रश्न निघणार नाही. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतात त्या) सूचना कितीतरी आधी द्याव्या लागतात, त्यांचं वेळापत्रक विधानमंडळ सचिवालय काढतं. निवेदन किमान दोन महिने आधी आमदारांच्या हातात हवं.

आमदाराकडे पाच-सहा हत्यारं असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना, आणि अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं). लोक थेट विधेयकाकडे धावतात. राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते मंजूरच करता येत नाही. शिवाय कामगार कल्याण आणि सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे केंद्राच्या संहितेशी विसंगत कलम घातलं तर अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींची अनुमती लागते. अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होतं. त्याचा उपयोग एवढाच की तुमचा मसुदा छापील कागद म्हणून अस्तित्वात येतो. पहिल्या वर्षी तारांकित प्रश्नावर जोर द्या. मंत्र्याचं उत्तर लेखी असतं, आणि त्यातलं 'तपासून कार्यवाही करू' हे आश्वासन सभागृहाच्या आश्वासन समितीकडे जाऊ शकतं.

प्रश्नाचा मसुदा आमदारांच्या स्वीय सहायकाला तयार देऊन या. रचना ठरलेली असते. बहुतेक जण असा लिहितात:

'(१) पार्लरमधील महिलांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

याचं उत्तर ठरलेलं: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. पहिला भाग मत आहे म्हणून नाकारला गेला, आणि 'असल्यास'मुळे पुढचे भाग त्याच्यासोबत बुडाले. त्याऐवजी असं द्या:

'(१) सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम १०९ अन्वये राज्य शासनाने असंघटित कामगारांसाठी कोणकोणत्या योजना अधिसूचित केल्या आहेत. (२) ई-श्रम पोर्टलवर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील गट ५१४१ व ५१४२ खाली राज्यातील किती कामगारांची जिल्हानिहाय नोंद आहे. (३) या कामगारांना वरील योजनांत स्वतंत्र प्रवर्ग म्हणून समाविष्ट करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

पहिल्या दोन भागांना 'खरे नाही' असं उत्तरच देता येत नाही, आकडा किंवा यादी द्यावी लागते. ५१४१ म्हणजे केशकारागीर, ५१४२ म्हणजे ब्यूटिशियन.

इथेच तुमच्या गटाचं घरचं काम आहे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर (वय १६ ते ५९, आयकर भरणारी किंवा पीएफ-ईएसआयची सभासद नसावी) नोंदणी करताना सेवा केंद्रातला मुलगा व्यवसायाच्या जागी दिसेल ते निवडतो. मग ब्यूटिशियन 'शिलाई' किंवा 'इतर'मध्ये जाते आणि जिल्ह्याचा आकडा हास्यास्पद कमी येतो. मंत्री तोच आकडा वाचून दाखवतात. सव्वाशे जणींनी आपापलं कार्ड काढून व्यवसायाचा रकाना तपासा, चुकला असेल तर बदलून घ्या. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची) असेल तर तिथे एनआयसी संकेतांक (व्यवसायाचा प्रकार दाखवणारा) ९६०२० हवा.

नियमांच्या मसुद्यांवरही नजर ठेवा. संहितांखालचे नियम राजपत्रात मसुदा म्हणून येतात आणि हरकती-सूचनांना ३० किंवा ४५ दिवस मिळतात. त्या खिडकीत दिलेली दोन पानी हरकत सभागृहातल्या भाषणापेक्षा जास्त काम करते, कारण विभागाला तिची नोंद घ्यावी लागते. नियम क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, कारण असे चार रकाने करा. 'नियम अन्यायकारक आहेत' अशी हरकत थेट बाजूला पडते.

गटाची नोंदणीही करा. औद्योगिक संबंध संहितेत कामगार संघटनेच्या कामापुरता स्वयंरोजगारी असंघटित कामगारही 'कामगार' आहे. अर्जाला किमान सात सभासद लागतात, आणि १०० सभासद असले की संख्येची अट सुटते. तुम्ही सव्वाशे आहात. मालकच नाही तर संघटना कसली, हा आक्षेप अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या 'सेवा'लाही घेतला गेला होता. १९७२ मध्ये ती कामगार संघटना म्हणूनच नोंदली गेली.

---

पायरी_दोन

सुरक्षिततेच्या मुद्द्याला नवा कायदा लागत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत राहतं घर आहे, आणि कामासाठी जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि तिथवरचा मालकाने दिलेला प्रवासही आहे. दहापेक्षा कमी कामगारांच्या पार्लरमध्ये अंतर्गत समिती नसते. तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. समितीला पटेल असं कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. शहरात प्रत्येक वॉर्डात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी नेमायचा आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची, असं कलम ६ मध्ये आहे. त्याचं नाव वॉर्ड ऑफिसच्या फलकावर शोधून बघा. म्हणून मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे न्या, मंत्र्यांकडे नको: वॉर्डनिहाय नावं, फोन आणि बसण्याची जागा प्रसिद्ध करा. मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, ३० दिवस.

राज्याच्या कायद्यात मागायचं ते एवढंच: ग्राहकाची ओळख प्लॅटफॉर्मने पडताळलेली असावी, आणि असुरक्षित वाटलं म्हणून काम अर्धवट सोडलं तर दंड नाही, गुणांकनावर परिणाम नाही. केस सरळ करायच्या रसायनांच्या वाफा आणि हवा खेळती ठेवणं हा महापालिकेच्या परवाना अटींचा विषय आहे, त्यासाठी नगरसेवक पुरे.

---

शलाका_चिंचवड

सर्वांचे मनापासून आभार. महामंडळ, परवाना, दर आणि उपकर हे चारही काढले. नवा मसुदा असा:

१) सौंदर्य व केशसेवा आस्थापनांना कामगारसंख्येची अट न ठेवता साप्ताहिक सुट्टी व रजेची कलमे लागू करावीत.
२) टक्केवारीवर काम करणारी व्यक्ती कामगार की स्वतंत्र, याची कसोटी नियमांत लिहावी (पाच अटी जोडपत्र अ).
३) कलम १०९ खाली घरोघरी सेवा देणाऱ्या ब्यूटिशियन, केशकारागीर व इतर यांच्यासाठी अपघात साहाय्य व भविष्यनिर्वाह योजना करावी.
४) प्लॅटफॉर्म कामगारांसाठी राज्याचा कायदा करावा: एकूण बिलावर शुल्क, १४ दिवसांची सूचना, सहा ओळींची पावती, काम सोडण्याचा हक्क (मसुदा जोडपत्र ब).

जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र वेगळं. मंत्र्यांचं निवेदन कुठे द्यायचं, मंत्रालयात की कामगार आयुक्तांकडे?

---

लक्षवेधी_१०५

दोन्हीकडे. मंत्रालयात उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाच्या आवक कक्षात मूळ प्रत, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आयुक्तांना 'माहितीस्तव' प्रत. दोन्ही पोचांवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पुढच्या पत्रात तो क्रमांक आधी लिहावा लागतो. आमदारांनी आपल्या लेटरहेडवर पत्र जोडून मंत्र्यांचा शेरा मिळवला तर त्या शेऱ्याची झेरॉक्स तिथेच काढा, नस्ती खाली गेली की ती तुम्हाला फक्त माहिती अधिकारात मिळेल.

मुद्दा ३ मधलं 'व इतर' काढा. त्या दोन शब्दांमुळे वित्त विभाग लाभार्थी किती असं विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. मेंदीवाल्या, साडी नेसवणाऱ्या, मसाज करणाऱ्या हव्या असतील तर नावं लिहा. मुद्दा १ खाली कलम क्रमांक घाला, कलम १६ (साप्ताहिक सुट्टी) आणि कलम १८ (रजा).

---

नियमपान

जोडपत्र क ची भर घाला, नोंदीचं. वीस जणींनी महिनाभर ठेवलेली वही: तारीख, काम सुरू, काम संपलं, ग्राहकाने दिले, हातात आले, प्रवासाचा खर्च, प्रॉडक्टचा खर्च, रद्द झालेलं काम. नावांऐवजी क्रमांक द्या, नाहीतर टक्क्यावरच्या कारागिरांना मालकाचा फोन येईल. रद्द झालेल्या कामाचा रकाना विसरू नका. तासभर प्रवास करून दारातून परत यावं लागतं तो वेळ दुसऱ्या कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आणि प्रत्येक पानावर पान क्रमांक व निवेदनाचा विषय वर छापा. शेरा मारताना जोडपत्रं सुटी होतात आणि पुढच्या टेबलावर फक्त पहिलं पान पोचतं.